माकुलीच्या 'यकृता'तलं तेल: साडेचार टक्के की तीस टक्के?

पिपेट (सांगली)
मंडळी, विषय जरा आडवाटेचा आहे. पण इथे रसायनवाले, मत्स्यवाले आणि नुसतेच खवय्ये असे तिन्ही आहेत, म्हणून धागा काढतोय.

एम.एस्सी.च्या एका प्रकल्पात माकुलीच्या (स्क्विडच्या) यकृतातल्या लिपिडांचं (चरबी आणि तिच्यासारखे पदार्थ) पृथक्करण चाललं आहे. माल रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातला, आंबा घाटातून थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून आलेला. इथे पोचल्यावर आख्ख्या माकुली उणे १८ च्या फ्रीजरमध्ये, तीन आठवडे. नंतर सोडवून यकृत काढलं, ब्लाय-डायर पद्धतीने (क्लोरोफॉर्म-मेथेनॉलने) लिपिड काढलं, मेथेनॉलमधल्या केओएचने (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) त्यातल्या मेदाम्लांचे मिथाइल एस्टर केले आणि ३० मीटरच्या वॅक्स कॉलमवर जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी, एकेक मेदाम्ल वेगळं मोजायला).

एकूण लिपिड ओल्या वजनावर साडेचार टक्के. वाचलेल्या लेखांत मात्र वीस, तीस, कुठे त्याहूनही जास्त. टीएलसीवर (पातळ थराच्या प्लेटवर) ट्रायग्लिसराइडपेक्षा, म्हणजे साध्या चरबीपेक्षा, मुक्त मेदाम्लांचा डाग मोठा. जीसीवर १६:० आणि १८:० (कार्बन किती : दुहेरी बंध किती) ठळक, डीएचए (२२:६, ओमेगा-३) मात्र अपेक्षेच्या निम्म्यानेही नाही.

चूक कुठे शोधायची? नमुन्यात, पद्धतीत की लेखांत?

रस्सा_पांढरा
माकुलीला यकृत असतं हेच आज कळलं. आमच्याकडे शाईची पिशवी दिसली की आतलं सगळं ओट्यावरून थेट बादलीत. बसतो इथेच, चालू द्या.

गाळणी (कराड)
पिपेट, तिन्ही ठिकाणी थोडी थोडी चूक आहे, आणि तिन्ही एकमेकींवर चढल्या आहेत. एकेक सोडवू.

आधी लेखांचं. तुम्ही वाचलेले आकडे बहुतेक जपानच्या 'टोडारोडिस पॅसिफिकस'चे नाहीतर अर्जेंटिनाच्या 'इलेक्स'चे असणार. ते उडत्या माकुलींचं कुळ, खुल्या समुद्रातलं. त्यांची ग्रंथी लोण्याच्या गोळीसारखी फुगलेली असते, वीस-तीस टक्के तेल हे त्यांच्यात नवल नाही. बाजारात 'स्क्विड लिव्हर ऑइल' म्हणून जे येतं ते अशाच माकुलींच्या प्रक्रिया कारखान्यांतल्या उरलेल्या मालातून काढलेलं. आपल्या किनाऱ्यावर मिळते ती मुख्यतः 'युरोट्यूथिस डुवॉसेली', जुनं नाव लोलिगो. लोलिगो कुळाची ग्रंथी बारीक, विडीसारखी लांबट, आणि चरबीने गरीब. साडेचार टक्के ऐकून मला तरी धक्का बसला नाही.

तेव्हा पहिला प्रश्न: ती माकूलच होती ना? बाजारात दोन वेगळ्या प्राण्यांना हेच नाव चालतं. पाठीतून पारदर्शक, प्लास्टिकच्या पट्टीसारखी पिसाच्या आकाराची कडी निघाली तर नळ माकूल. पांढरा, खडूसारखा ठिसूळ समुद्रफेस निघाला तर तो कटलफिश, त्याचा धागा वेगळा.

पिपेट
पारदर्शक पट्टीच निघाली. अंगाची लांबी १२ ते १६ सेंमी. नर-मादी वेगळे केलेले नाहीत.

खडूफळा (सातारा)
धाग्याच्या शीर्षकात 'यकृत' अवतरणात टाकलंय हे बरं केलंत. ते आपल्या अर्थाचं यकृत नव्हेच. पचनग्रंथी म्हणा. ती विकरं (एन्झाइम) तयार करते, पचलेलं शोषून घेते आणि नको ते बाहेरही टाकते. चरबी साठवण्याचं कोठार म्हणून तिच्याकडे बघणं लोलिगो कुळाच्या बाबतीत तर चुकीचंच. १९९८ मध्ये या कुळातल्या दोन प्रजातींवर झालेल्या अभ्यासाचा रोख असा होता, की ग्रंथीतले तेलाचे थेंब हा साठा नसून खाण्यातून आलेली जादा चरबी आहे आणि प्राणी ती बाहेर टाकतो. माकुलीचा संसार प्रथिनांवर चालतो, चरबी जाळून ऊर्जा काढायची तिची ताकद कमी.

याचा अर्थ लक्षात घ्या: ग्रंथीतली मेदाम्लं म्हणजे माकुलीने शेवटच्या दिवसांत काय खाल्लं त्याची नोंदवही. उत्तरेच्या थंड समुद्रातल्या माकुलींत २०:१ आणि २२:१ भरपूर दिसतात, कारण तिथले कोपेपॉड (पाण्यात तरंगणारे बारीक कवचधारी जीव) मेणासारखे एस्टर बनवतात आणि त्यातल्या लांब साखळीच्या अल्कोहोलांपासून ही मेदाम्लं पुढे खाणाऱ्याच्या अंगात येतात. अरबी समुद्रातल्या नमुन्यात तसं दिसलं नाही तर घाबरू नका.

रस्सा_पांढरा
म्हणजे तिचं पोट उघडलं की तिचा खानावळीचा हिशेब हातात. झकास.

तोळामासा (सांगली)
गाळणी यांच्याशी प्रजातीपुरता सहमत, पण पद्धतीला इतक्या सहज सोडू नका. ब्लाय-डायर ही १९५९ ची पद्धत कॉडच्या मांसासाठी बसवलेली, ज्यात लिपिड टक्क्याच्या आतबाहेर. नमुन्यात दोन टक्क्यांच्या वर लिपिड असलं की ही पद्धत कमी दाखवू लागते, आणि खूप तेलकट नमुन्यात तर निम्म्यापर्यंत कमी. २००१ मध्ये फोल्चशी (जास्त द्रावक वापरणारी जुनी पद्धत) शेजारी शेजारी ठेवून हे दाखवून झालंय. कारण साधं आहे: दर ग्रॅमला द्रावकच कमी पडतो, आणि मेथेनॉल-पाणी जास्त असलेल्या मिश्रणात ट्रायग्लिसराइड पुरतं विरघळत नाही.

ग्रंथीसाठी फोल्चच करा. १ ग्रॅम ऊतीला २० मिली क्लोरोफॉर्म-मेथेनॉल २:१. मिक्सरमध्ये दोन मिनिटं, गाळा, गाळाला पुन्हा थोडा द्रावक. मग एकूण आकारमानाच्या पाचव्या हिश्श्याइतकं ०.८८ टक्के पोटॅशियम क्लोराइडचं पाणी, म्हणजे २० मिलीला ४ मिली. हलक्या हाताने उलटसुलट करा, घुसळू नका. ताक करायचं नाहीये. खालचा थर घ्या.

गाळणी
मान्य, पण साडेचारचं फोल्चने तीस होणार नाही. फार तर पाच-साडेपाच.

तोळामासा
तीस होईल असं म्हणालोच नाही. पण प्रबंधात आकडा छापायचा तर तो पद्धतीमुळे कमी आलेला नको. आणि ब्लाय-डायरच ठेवायची असेल तर पाण्याचा हिशेब तरी नीट करा, निम्मे लोक तिथेच घसरतात. १० ग्रॅम ग्रंथीत ७० टक्के पाणी धरलं तर ७ ग्रॅम पाणी आतच आहे. पहिल्या टप्प्यात क्लोरोफॉर्म १०, मेथेनॉल २०, पाणी ८ हवं, म्हणजे वरून फक्त १ मिली घालायचं. मग आणखी १० क्लोरोफॉर्म आणि १० पाणी. शेवटी २:२:१.८. पुस्तकातलं 'पाणी ८' वाचून वरून ८ ओतलं की थर आधीच फुटतो आणि फॉस्फोलिपिड (पेशींच्या पडद्यांतलं लिपिड) मांसाच्या चोथ्यातच राहतं.

दूधवाला_इस्लामपूर
एक बाळबोध प्रश्न. डेअरीत फॅट काढायला गर्बरची नळी असते. सल्फ्युरिक ॲसिड, अमाइल अल्कोहोल, फिरवलं की काट्यावर आकडा. त्यात ही ग्रंथी घातली तर? म्हशीच्या दुधाला सात लागतं, हिला साडेचार म्हणजे गाईच्या वर आहे की.

तोळामासा
हाहा, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) पण काढा मग.

गंमत सोडली तर: गर्बरमध्ये ॲसिड प्रथिनं जाळतं आणि मोकळी झालेली चरबी वर येते. फॉस्फोलिपिड त्यात वर येत नाही. दुधात ते इतकं किरकोळ की चालून जातं, माकुलीत नाही चालणार. आणि जी चरबी वर येईल ती इतक्या तिखट ॲसिडमधून आल्यावर जीसीच्या कामाची राहत नाही. सॉक्सलेटचंही (गरम द्रावक फिरवून चरबी काढायची पद्धत) तेच. पेट्रोलियम ईथरने फॉस्फोलिपिड पुरतं निघत नाही, शिवाय आधी नमुना ओव्हनमध्ये वाळवावा लागतो, आणि १०५ अंशांवर डीएचए असलेला नमुना तासन् तास ठेवणं म्हणजे डीएचएचा अंत्यविधी.

कोयनाकाठ (पाटण)
मुख्य मुद्द्याला अजून कोणी हात घातला नाही. मुक्त मेदाम्लांचा डाग ट्रायग्लिसराइडपेक्षा मोठा! जिवंत ऊतीत मुक्त मेदाम्लं नगण्य असतात. ताज्या ग्रंथीत तो डाग फिकट असायला हवा. तुमच्या प्लेटवर जे दिसतंय ते माकुलीचं नव्हे, वाटेतल्या तासांचं चित्र आहे.

खडूफळांनी सांगितलंच की ही पचनग्रंथी आहे. लायपेज आणि फॉस्फोलायपेज ही चरबी तोडणारी विकरं तिच्यातच भरलेली. प्राणी मेला की भिंती सैल पडतात आणि विकरं स्वतःच्याच घरातलं खाऊ लागतात. बर्फाने ती मंदावतात, थांबत नाहीत. उणे १८ लाही थांबत नाहीत, नुसती रांगतात. तीन आठवडे रांगली तरी बरंच अंतर जातात. मांसाला उणे १८ पुरतं म्हणून ग्रंथीलाही पुरेल हा हिशेब चुकतो.

दुसरी गोष्ट, आख्खी माकूल गोठवून नंतर सोडवलीत. गोठताना बर्फाचे कण पेशी फोडतात, सुटताना विकर आणि चरबी एकमेकांत मिसळतात, वर तापमान चढतं. सगळ्यात जास्त नासधूस त्या एका तासात होते. शिवाय सुटताना ग्रंथीतून तपकिरी तेलकट पाणी झिरपतं. ते ट्रेमध्ये राहिलं आणि उरलेली ग्रंथी तोललीत, तर साडेचारमधलं काही त्या ट्रेमध्ये गेलं.

पिपेट
ट्रेमध्ये पाणी होतं. पुसून टाकलं. 🤦

कोयनाकाठ
मग आता असं करा. शक्य असेल तर माकूल बंदरावरच उघडायची. ती उताणी धरा, नळीची बाजू वर. मानेकडून टोकाकडे अंगाचं आवरण मध्यरेषेवर कात्रीने कापा, कात्रीचं टोक वर उचललेलं ठेवा. दोन्ही बाजूंना पिसासारखे कल्ले दिसतात. मधोमध लांबट, मलईपासून तपकिरीपर्यंत रंगाची ती ग्रंथी, आणि तिच्यावरच चंदेरी चमकणारी शाईची पिशवी. आधी पिशवीचं तोंड चिमट्यात धरून अलगद सोलून बाजूला करा. मागच्या टोकाला पांढुरका पिशवीसारखा भाग चिकटलेला असतो, तो जठराचा. तो काढला नाही तर अर्धवट पचलेला जवळा आणि बारीक मासळी तुमच्या लिपिडात येणार. ग्रंथीचं आवरण पातळ असतं, फुटलं तर तो नमुना बाद समजा.

काढलेली ग्रंथी वजन करून लगेच क्लोरोफॉर्म-मेथेनॉलमध्ये, काचेच्या बाटलीत, टेफ्लॉनच्या झाकणाखाली. विकर तिथल्या तिथे मरतं. प्लास्टिकची बाटली नको, क्लोरोफॉर्म त्यातली मऊपणाची रसायनं ओढून घेतो आणि जीसीवर भलतेच डोंगर दिसतात.

मिरज_जंक्शन
बंदरावर क्लोरोफॉर्म नेणं जमणार नसेल तर द्रव नायट्रोजन. आणि तो शोधायला पुण्याला जायला नको. आपल्या भागात कृत्रिम रेतनाच्या वीर्यकांड्या त्यातच ठेवतात, ॲल्युमिनियमचे ते कॅन गावोगावी फिरतात. दूध संघाकडे किंवा जनावरांच्या दवाखान्यात भरून मिळण्याची सोय विचारा. ग्रंथी फॉइलमध्ये गुंडाळून आत सोडायची, घाट चढून आली तरी दगड. पुढे उणे ८० ला. हातमोजे जाड घ्या, आणि बंद गाडीत कॅन ठेवून काचा लावून बसू नका, नायट्रोजन हवेतला ऑक्सिजन हटवतो.

दूधवाला_इस्लामपूर
बघा! डेअरीवाल्यांशिवाय तुमचं पान हलत नाही.

शेततळं (आटपाडी)
मध्येच घुसतो, पण विषय याच तेलाचा आहे. खाद्य विकणारे 'स्क्विड लिव्हर पावडर' आणि तेल घ्या म्हणून मागे लागतात. शेततळ्यात रोहू-कटला आहेत, एका तळ्यात गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी. घालावं का?

गाळणी
रोहू-कटल्याला: नको. गोड्या पाण्यातल्या या माशांना १८:२ एन-६ आणि १८:३ एन-३ (ओमेगा-६ आणि ओमेगा-३ ची छोटी मेदाम्लं) मिळालं की पुढची लांब साखळी ते स्वतः काही प्रमाणात ओढतात. पेंड आणि भुश्शातून त्यांचं भागतं. महागडं समुद्री तेल म्हणजे रोहूला तुपातला शिरा.

कोळंबीचं निराळं. कोळंबी, खेकडा या वर्गाला कोलेस्टेरॉल स्वतः बनवता येत नाही, खाद्यातून मिळावं लागतं. माकुलीच्या मालात कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिड दोन्ही आहेत, आणि तिच्यातल्या अमिनो आम्लांच्या वासाने कोळंबी खाद्याकडे लवकर वळते. म्हणून कोळंबीच्या खाद्यात ती पावडर शेकडा दोन ते पाच घालतात. तीही पोषणापेक्षा चवीसाठी जास्त.

कोयनाकाठ
आणि 'पावडर' शब्दाला भुलू नका. ग्रंथीचा लगदा शिजवून, तेल दाबून काढून, उरलेल्यात सोयापेंड मिसळून ती वाळवतात. किती सोया हे पोत्यावर लिहिलेलं नसतं. पिपेटसारख्या कोणाकडून मेदाम्लं तपासून घ्या: समुद्री तेलात १८:२ एन-६ एक-दोन टक्क्यांच्या आसपास असतं. ते दोन आकडी आलं तर तुम्ही माकुलीच्या भावात सोयाबीन घेताय.

तेल घेणार असाल तर पेरॉक्साइड आणि ॲनिसिडीन (खवटपणाचे आकडे) दोन्ही मागा. नुसतं पेरॉक्साइड दाखवून फसवता येतं, कारण तेल फार जुनं झालं की पेरॉक्साइड मोडून पुन्हा खाली येतं आणि आकडा सुंदर दिसतो. टोटॉक्स म्हणजे पेरॉक्साइडच्या दुप्पट अधिक ॲनिसिडीन. माणसाच्या खाण्याच्या मासळी तेलाला २०१७ च्या कोडेक्स (आंतरराष्ट्रीय अन्न) मानकात पेरॉक्साइड ५, ॲनिसिडीन २० आणि टोटॉक्स २६ ही वरची मर्यादा आहे. खाद्याच्या तेलाला इतकं काटेकोर कोणी बघत नाही, पण खवट तेलाने कोळंबीचं वजन वाढत नाही आणि जीवनसत्त्व ई वाया जातं.

शेततळं (आटपाडी)
धन्यवाद. रोहूचा शिरा बंद.

रस्सा_पांढरा
पण खायचं काय? जपानी लोक हे यकृत खातात म्हणे. आम्ही इतकी वर्षं ओमेगा-३ बादलीत टाकत होतो की काय?

खडूफळा
खातात. शिओकारा म्हणजे माकुलीच्या मांसाच्या कातळ्या तिच्याच ग्रंथीच्या लगद्यात मीठ घालून मुरवलेल्या. नोतो द्वीपकल्पात तर माकुलीच्या आतड्या-ग्रंथीपासून 'इशिरी' नावाचं पातळ, खारट कालवण गाळतात, सोया सॉससारखं. तिथे चव नेमकी आणते ती कोयनाकाठ यांनी शिव्या घातलेली विकरंच. एकाचं नासणं ते दुसऱ्याचं मुरणं.

पण तुम्ही बादलीतच टाका. माकुलीच्या पचनग्रंथीत कॅडमियम साठतं, मांसाच्या कित्येक पट. म्हणून तर कोडेक्सची २ मिग्रॅ प्रतिकिलोची आणि युरोपची १ ची मर्यादा 'आतडी-ग्रंथी काढलेल्या' माकुलीसाठी लिहिलेली आहे.

रस्सा_पांढरा
मग त्या तेलाच्या कॅप्सूल?

तोळामासा
कॅडमियम प्रथिनांना धरून बसतं, तेलात उतरत नाही. तेल वेगळं काढून, धुऊन, शुद्ध केलं की ते पाण्याच्या आणि चोथ्याच्या बाजूला राहतं. म्हणजे काळजी तेलाची कमी, पावडरची जास्त. आटपाडीकरांनी कॅडमियमचा दाखलाही मागावा.

हरिपूरचं_पेव
ऑक्सिडेशन रोखायला सांगलीत उभं राहून परदेशी रसायन कशाला? हळद घाला की. राजापुरी, एक नंबर. तेलही पिवळंजर्द.

तोळामासा
दिवा घेतला, गंमत कळली. 😄 पण कोणी मनावर घेऊ नका. कर्क्युमिन क्लोरोफॉर्ममध्ये मस्त विरघळतं, टीएलसी प्लेटवर स्वतःचा पिवळा पट्टा काढतं आणि लिपिडाच्या वजनातही मोजलं जातं. द्रावकात ०.०१ टक्के बीएचटी (ऑक्सिडेशन रोखणारं रसायन) पुरे. त्याचाही जीसीवर पीक येतो, म्हणून नमुन्याविना एक कोरी धाव चालवून तो कुठे येतो ते आधी लिहून ठेवा, नाहीतर तो एखाद्या छोट्या मेदाम्लाच्या नावावर खपतो.

पिपेट
धागा भरकटला तरी सगळं कामाचं आहे. विकर, ट्रे, ब्लाय-डायर समजलं. पण डीएचए कमी का? विकराने चरबी तोडली तरी मेदाम्ल नाहीसं होत नाही ना? मुक्त झालं तरी जीसीवर यायलाच हवं.

तोळामासा
हा धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. उत्तर तुमच्या पहिल्या पोस्टमध्येच आहे: मेथेनॉलमधला केओएच.

क्षाराने होते ती एस्टरची अदलाबदल. ग्लिसरॉलला बांधलेलं मेदाम्ल मिथाइलला बांधलं जातं, तेही दोन-पाच मिनिटांत, म्हणून सगळ्यांना ही पद्धत आवडते. पण मुक्त मेदाम्ल क्षाराला भेटलं की त्याचा साबण होतो. साबण हेक्झेनमध्ये येत नाही, खालच्या थरात राहतो, तो तुम्ही ओतून देता. ताज्या शेंगदाणा तेलाला काही फरक पडत नाही. तुमच्या ग्रंथीत मात्र निम्मा माल मुक्त आहे, म्हणजे निम्मा माल मोरीत.

कोयनाकाठ
आणि तो निम्मा माल कसाही निवडलेला नाही. फॉस्फोलिपिडात ग्लिसरॉलच्या मधल्या जागेवर बहुतांशी डीएचए आणि ईपीए (दुसरं ओमेगा-३) बसलेले असतात, कडेच्या जागेवर १६:०, १८:०. फॉस्फोलायपेज ए-२ नेमकी मधलीच जागा कापतो. म्हणजे आधी सुटणार डीएचए, साबण होणार डीएचए, फेकला जाणार डीएचए. मागे एस्टरमध्ये राहणार १६:० आणि १८:०, जे तुमच्या जीसीवर ठळक आहेत.

गाळणी
👏 तिन्ही चुका एकमेकींवर चढल्या म्हणालो ते हेच.

पिपेट
अरे देवा. म्हणजे आता बीएफ-३ (बोरॉन ट्रायफ्लोराइड)?

तोळामासा
१४ टक्के बीएफ-३ मेथेनॉल चालेल, पण ते महाग आणि जुनं झालं की खोटे पीक देतं. मेथेनॉलमधलं १ टक्का सल्फ्युरिक ॲसिड घ्या. १० ते २० मिग्रॅ लिपिड, १ मिली टोल्युइन, २ मिली ॲसिड-मेथेनॉल, नायट्रोजन सोडून झाकण घट्ट, ५० अंशांवर रात्रभर. टोल्युइन विसरलात तर ट्रायग्लिसराइड मेथेनॉलमध्ये नीट विरघळत नाही आणि अर्धवट राहतं. सकाळी ५ टक्के मिठाचं पाणी, हेक्झेनने दोनदा काढा, हेक्झेनचा थर पोटॅशियम बायकार्बोनेटच्या पाण्याने धुवा. मेथेनॉल कोरडं हवं. ओलं असेल तर मुक्त मेदाम्लांचा एस्टर पूर्ण होत नाही आणि तुम्ही परत पहिल्या पोस्टवर.

टक्क्यांवर समाधान मानू नका, अंतर्गत मानक (मोजून घातलेलं, नमुन्यात नसणारं मेदाम्ल) घाला: २३:० किंवा १९:०, मेदाम्लाच्या रूपात. मिथाइल एस्टर घातलात तर तो प्रक्रियेतून जातच नाही, मग तुमची प्रक्रिया फसली हे तो सांगणार कसं? आणि वॅक्स कॉलमवर डीएचए शेवटी, २४:० च्या शेजारी येतो. धाव आधी थांबवू नका.

खडूफळा
टीएलसी कोणत्या द्रावकात चालवता? हेक्झेन, डायइथाइल ईथर, ॲसेटिक ॲसिड ८०:२०:१ असेल तर एक सूचना. आत्ता तुमच्या प्रजातीत अपेक्षा नाही, पण पुढे कोणी खोल समुद्रातली माकूल आणली तर ट्रायग्लिसराइडच्या किंचित वर चिकटून दुसरा डाग दिसेल. तो डायॲसिल ग्लिसरिल ईथर, ग्लिसरॉलच्या एका टोकाला एस्टरऐवजी ईथर बंध. उत्तर पॅसिफिकातल्या 'बेरीट्यूथिस मॅजिस्टर'च्या ग्रंथीत तर मुख्य लिपिड तेच आहे, काही शार्कच्या यकृतासारखं. ईथर बंध साबणीकरणात तुटत नाही. त्यामुळे साबण न होणारा भाग प्रचंड येतो आणि माणूस कोलेस्टेरॉल एवढं कसं म्हणून डोकं धरून बसतो. दोन डाग वेगळे करायला ईथर कमी करा, ९०:१०:१.

मिरज_जंक्शन
मुक्त मेदाम्लांचं टायट्रेशनही करा, टीएलसीचा डाग डोळ्याने मोठा-लहान म्हणणं परीक्षक मान्य करत नाहीत. टक्के ओलेइक = मिली × नॉर्मॅलिटी × २८.२ ÷ ग्रॅम. पण हे तेल चहाच्या उकाळ्यासारखं काळपट, फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग त्यात दिसत नाही आणि लोक केओएच ओतत राहतात. तेल पाव ग्रॅमच घ्या, द्रावक ५० मिली, किंवा सरळ पीएच मीटर लावा. फॉस्फोलिपिडही थोडा क्षार खातं, म्हणून आकडा किंचित जास्त येतो हे टिपेत लिहा.

रस्सा_पांढरा
आणि ते क्लोरोफॉर्म मोरीत ओतू नका. खाली कृष्णामाई आहे, आमचा वांबट मासा तिथूनच येतो.

मिरज_जंक्शन
+१. क्लोरोफॉर्म वेगळ्या गडद बाटलीत, लेबल लावून, हॅलोजनवाल्या कचऱ्यात. ॲसिटोनच्या कचऱ्यात तर चुकूनही नको, क्षार असला तर स्फोटक प्रतिक्रिया होते. तुमच्या प्रयोगात केओएच तिथेच बाजूला आहे.

पिपेट
ठरलं. जुना नमुना फेकत नाही. त्याच लिपिडाचे दोन भाग करून एक केओएचने, एक ॲसिडने चालवतो. फरक जो येईल तोच मुक्त मेदाम्लांचा पुरावा, टायट्रेशनशी ताडून बघता येईल. नवीन माल मासेमारी बंदी उठल्यावर, म्हणजे ऑगस्टमध्ये. तेव्हा अर्ध्या ग्रंथी बंदरावरच क्लोरोफॉर्म-मेथेनॉलमध्ये आणि अर्ध्या नेहमीसारख्या बर्फात घाटातून. लेबलवर प्रजाती, लांबी, नर-मादी, पकडल्याची वेळ, बर्फातले तास, फ्रीजरमधले दिवस. आणखी काही?

कोयनाकाठ
बर्फ वितळलेलं पाणी ग्रंथीला लागलं का, तेही. आणि माकुलीचं पोट भरलेलं होतं की रिकामं.

गाळणी
नर-मादी कराल तेव्हा पिकलेल्या माद्या वेगळ्या काढा. त्यांच्या पांढऱ्याशुभ्र ग्रंथी अंड्यांच्या कवचाच्या असतात, घाईत त्याच 'यकृत' म्हणून उचलल्या जातात.

पिपेट
🤦 पहिल्या खेपेचे फोटो तपासतो.